नाताळच्या ताटाची कुळकथा

धर्मग्रामाच्या महोत्सवाची स्मरणिका काढावयाची म्हटली म्हणजे देवालय कधीं बांधलें, घंटा कोणीं दिली, कोणकोणते धर्मगुरू येथें सेवा करून गेले, ह्या गोष्टींस पहिला मान मिळतो, आणि तो योग्यच आहे. परंतु ख्रिस्तसभेचा इतिहास केवळ वेदीपाशींच घडतो असें नाहीं. तो चुलीपाशींही घडत असतो. आमच्या मायबहिणींनीं पिढ्यान् पिढ्या नाताळास जें ताट सजविलें, त्यांतील एकेका जिन्नसामागें पुष्कळ इतिहास आहे. कित्येकांस वाटतें कीं, हें सारें फिरंग्यांनीं शिकविलेलें परकें खाणें होय. कित्येकांस वाटतें कीं, गोड तें गोड, त्याचा इतिहास तो काय पाहावयाचा? ह्या दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत हें दाखविण्याकरितां आम्हीं ह्या ताटाची कुळकथा थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं, सणाचें पक्वान्न हें उपवासाचें अपत्य आहे. मध्ययुगांत पश्चिम युरोपांतील ख्रिस्ती लोक प्रायश्चित्तकाळाच्या चाळीस दिवसांत मांसच नव्हे, तर अंडीं, दूध व लोणी हेंही वर्ज्य करीत. राखेच्या बुधवारापूर्वीं घरांतील अंडीं व लोणी संपवून टाकणें भाग पडे. त्यांतूनच आदल्या मंगळवारीं धिरडीं व तळलेले गोड पदार्थ करण्याची चाल पडली. नाताळापूर्वीच्या आगमनकाळांतही पुष्कळ ठिकाणीं असाच निर्बंध असे. जर्मनींतील सॅक्सनी प्रांतांत नाताळासाठीं स्टोलन नांवाचा लांबट पाव करीत. त्यांत लोण्याऐवजीं तेल घालावें लागे, आणि तो कांहीं गोड लागत नसे. शेवटीं १४९१ सालीं आठवे इनोसंट पोपमहाशय यांनीं तेथें लोणी वापरण्याची मोकळीक दिली. मात्र तिच्याबरोबर धर्मकार्यास दान देण्याची अट होती. फ्रान्सांतील रुआँ शहराच्या महामंदिराचा एक बुरूज आजही ‘लोण्याचा बुरूज’ म्हणून ओळखला जातो. कारण प्रायश्चित्तकाळांत लोणी खाण्याच्या परवानगीबद्दल लोकांनीं दिलेल्या दानांतून तो उभा राहिला, अशी त्याची ख्याति आहे.

नाताळचा आदला दिवस हाही उपवासाचा दिवस होता. १९१७ सालीं प्रसृत झालेल्या ख्रिस्तसभेच्या कायदेसंहितेंत त्या दिवशीं उपवास व मांसवर्ज्य हीं दोन्ही सांगितलेलीं होतीं. १९६६ सालीं सहावे पॉल पोपमहाशय यांनीं उपवासाचे नियम नव्यानें घालून दिल्यानंतर तें बंधन उरलें नाहीं. आमच्या आज्या मध्यरात्रीच्या मिस्साहून परत आल्यावर ताटावरील फडकें काढीत, तेव्हां त्या पहिल्या घांसाला जी गोडी येई, तींतील निम्मी साखरेची असे व निम्मी भुकेची.

आतां पदार्थांकडे वळूं. युरोपांतील मठांत वेदीवरील मेणबत्त्यांसाठीं मधमाश्या पाळीत. मेण वेदीकडे जाई व मध मुदपाकखान्याकडे. त्या मधांत सुंठ, दालचिनी, लवंग असे पूर्वेकडील मसाले घालून टिकाऊ वड्या भाजीत. आज मुलांच्या तोंडीं बसलेला ‘कुकी’ हा शब्द डच भाषेंतील असून ‘लहान केक’ असा त्याचा अर्थ आहे. ‘बिस्किट’ हा शब्द लॅटिनमधून आला. त्याचा अर्थ ‘दोनदां भाजलेलें’. गलबतावर महिनोन्महिने टिकावा म्हणून पाव दोनदां भाजून कोरडा करीत, त्यावरून तो निघाला. आमचा ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीज, आणि ‘नाताळ’ हाही पोर्तुगीजच.

पण साखर? ती मात्र आपल्याच घरची. संस्कृत ‘शर्करा’ हा शब्द पर्शियन व अरबी भाषांतून प्रवास करीत पोर्तुगीजांत ‘असुकार’ झाला, आणि ‘खंड’ ह्या शब्दापासून इंग्रजांचा ‘कँडी’ निघाला. उसाचा रस आटवून त्याचे खडे करण्याची विद्या ह्या देशांत फार प्राचीन काळीं सिद्ध झाली होती. पंधराव्या शतकांत पोर्तुगीजांनीं मदेरा बेटावर व पुढें ब्राझिलांत उसाचे मळे लावले. त्या मळ्यांवर आफ्रिकेंतून धरून आणलेल्या गुलामांचा घाम व रक्त सांडलें, हें गोडाचा इतिहास सांगतांना लपवितां कामा नये. साखर मुबलक झाली, तेव्हां पोर्तुगालच्या मठांतील धर्मभगिनींनीं तिच्यापासून नाना पक्वान्नें निर्माण केलीं. अंड्यांतील पांढरा बलक वस्त्रांस खळ देण्याकडे खर्च होई. उरलेला पिवळा बलक साखरेच्या पाकांत जाई. तेथील बहुतेक नामांकित मिठाया ह्या पिवळ्या बलकाच्याच आहेत.

हीच विद्या समुद्रमार्गें गोव्यास आली. जुन्या गोव्यांत १६०६ सालीं आर्चबिशप आलेशु द मेनेझिस यांनीं सांत मोनिकेचा धर्मभगिनींचा मठ स्थापिला. बेबिंकेचा जन्म ह्याच मठांत झाला अशी लोककथा आहे; ती कथा म्हणूनच घ्यावी. परंतु बेबिंकेंत काय पडतें तें पाहा: अंड्यांचा पिवळा बलक व साखर हीं मठांतलीं, नारळाचें दूध, तूप व जायफळ हीं इकडचीं. दोन देशांचा संगम एकाच भांड्यांत झालेला आहे.

इतर जिन्नसांचीही हीच कथा. युरोपांत बदामाचें मार्झिपान करीत. आमच्याकडे तें काजूचें झालें, आणि काजूचें झाड तरी पोर्तुगीजांनींच ब्राझिलांतून आणलेलें. पोर्तुगालांत मार्मेलु नांवाच्या फळाची वडी थापीत. येथें तें फळ मिळेना म्हणून पेरूची पेराद आली. कुलकुल हे पोर्तुगीज तळणीच्या घराण्यांतील. पण कांट्याच्या वा फणीच्या दांतांवर दाबून त्यांस शंखाचा आकार देणारीं बोटें आमच्या मुलांचीं. दोदोल मलाक्केकडील, तें बंदर १५११ पासून १६४१ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यांत होतें. काळ्या गुळानें व नारळाच्या दुधानें तो इकडे असा रुळला कीं, त्याचें परकेपण कोणास स्मरत नाहीं. आणि नेवरी? ती तर आपली करंजीच. घरोघरीं भट्टी कोठून असणार? म्हणून भांड्याखालीं निखारे व झांकणावरही निखारे ठेवून केक भाजला जाई. आणि पीठ फुगविण्यास ताज्या ताडीचा उपयोग होई.

येशूसंघीय धर्मगुरू थॉमस स्टीफन्स हे १५७९ सालीं गोव्यास आले व १६१६ सालीं राचोल येथें त्यांचें ख्रिस्तपुराण छापून प्रसिद्ध झालें. तारणाचा इतिहास त्यांनीं मराठी ओंवींत सांगितला, आणि तो लोकांस आपलासा वाटला. त्यांनीं शब्दांनीं जें केलें, तेंच आमच्या गृहिणींनीं तांदूळ, नारळ व गूळ घेऊन केलें. फरक इतकाच कीं, त्यांच्या ग्रंथावर त्यांचें नांव आहे. ह्यांचीं नांवें कोठेंही लिहिलेलीं नाहींत.

वसई प्रांताकडे पाहिल्यास ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. १५३४ सालीं गुजराथचा सुलतान बहादूरशहा यानें वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांनीं वसईचा किल्ला जिंकला. फिरंगी सरदार गेले, मठ ओस पडले. त्या देवालयांचे भग्नावशेष आजही किल्ल्यांत उभे आहेत. परंतु वाड्यावाड्यांतून प्रार्थना बंद पडली नाहीं, आणि नाताळची कढईही उतरली नाहीं. फिरंग्यांसाठीं म्हणून हें ताट केलें जात असतें, तर तें फिरंग्यांबरोबरच गेलें असतें. राजांचा हुकूम नसतां, मठांचा आश्रय नसतां, छापील पाककृति नसतां आईकडून लेकीकडे व सासूकडून सुनेकडे तें चालत आलें, हाच तें आपलें असल्याचा पुरावा होय. त्यांत वसईची स्वतःची भरही पडली. आगाशीकडील राजेळी केळ्यांची सुकेळी हें तर अस्सल येथल्या मातींतील गोड.

त्याच गलबतांनीं हीच मिठाई जपानासही नेली. १५६९ सालीं येशूसंघाचे लुईस फ्रोइस यांनीं ओदा नोबुनागा ह्या पराक्रमी सरदारास साखरेच्या गोळ्यांची काचेची बरणी नजर केली. नागासाकींत ‘कास्तेला’ नांवाचा केक आजही होतो. त्याच नागासाकींत वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया १५९७ च्या ५ फेब्रुवारी रोजीं क्रुसावर हुतात्मा झाले. १८६२ सालीं त्यांस संतपद मिळालें. १६१४ सालीं जपानांत ख्रिस्ती धर्मास बंदी झाली व पुढें पोर्तुगीजांस हांकून देण्यांत आलें, तरी मिठाई राहिली. आणि १८६५ सालीं नागासाकींत गुप्त ख्रिस्ती जन प्रकट झाले, तेव्हां जगास कळलें कीं, श्रद्धाही राहिली होती. घराच्या आंत जें जपलें जातें, तें सहसा मरत नाहीं.

आतां आजच्या स्थितीविषयीं दोन शब्द लिहिणें आम्हांस प्राप्त आहे. पूर्वीं गोड वर्षांतून चार वेळां होई. आज तें बारा महिने, तेराही काळ दुकानांत मिळतें, व मनांत आलें कीं तोंडांत पडतें. जिभेच्या ह्या हट्टास सबब सांपडणें कठीण नसतें. तेराव्या शतकांत संत थॉमस अक्वायनस यांस असा प्रश्न पडला होता कीं, पचनासाठीं म्हणून घेतलेल्या साखरपाकाच्या औषधानें उपवास मोडतो काय? त्यांनीं निर्णय दिला कीं, औषध म्हणून घेतल्यास मोडत नाहीं. परंतु त्याच मिषानें कोणी तें भरपूर खाऊं लागेल तर गोष्ट निराळी. संतांस मनुष्यस्वभाव ठाऊक होता! सायंकाळीं चहाबरोबर एखादी नानखटाई खाण्यांत कांहीं पाप नाहीं. परंतु जेथें रोजच सण आहे तेथें सण उरत नाहीं, हें खरें. उपवासाचें कायद्यानें असलेलें बंधन गेलें. प्रेमानें पाळावयाचा संयम मात्र कोणीं काढून घेतलेला नाहीं.

ह्याहून मोठी हानि दुसरीच आहे. पोर्तुगीज भाषेंत नाताळच्या रात्रीच्या भोजनास ‘कोन्सुआद’ म्हणतात, आणि गोव्यांत शेजाऱ्यांस पाठवावयाच्या गोडाच्या ताटास हेंच नांव आहे. त्या शब्दाच्या मुळाशीं असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘सांत्वन’ असा आहे. पवित्र शास्त्रांत नहेम्याच्या ग्रंथाच्या आठव्या अध्यायांत सणाच्या दिवशीं लोकांस जी आज्ञा झाली, ती केवळ गोडधोड खाण्याची नव्हे. ज्यांच्या घरीं कांहीं शिजलेलें नाहीं त्यांस वांटा पाठविण्याचीही आहे. आमच्या पूर्वजांनीं ही आज्ञा अक्षरशः पाळली. ज्या घरांत वर्षाच्या आंत मृत्यु झाला असेल तेथें नाताळास कढई चढत नसे. परंतु त्या घरचीं मुलें गोडावांचून राहत नसत, कारण दहा घरांतून दहा ताटें येत. हिंदु शेजाऱ्याच्या घरून दिवाळींत जी करंजी येई, तीच नाताळांत नेवरीच्या नांवानें परत जाई. रिकामें ताट परत करूं नये म्हणून त्यांत चिमूटभर साखर तरी घालीत.

आज ताटाची जागा दुकानांतील खोक्यानें घेतली आहे. नोकरी करणाऱ्या भगिनींस वेळ नाहीं, हें आम्ही जाणतों, व त्यांस बोल लावीत नाहीं. शिवाय हें काम एकट्या स्त्रियांचेंच कां असावें? नारळ खवणें, पीठ मळणें, दोदोल घोटणें ह्यांस बळकट हात लागतात. ते घरांतील पुरुषांनीं द्यावे. एक संध्याकाळ सारें कुटुंब कुलकुल वळावयास बसलें, तर मुलांस आजीची भाषा, तिच्या आठवणी व तिचें हातचें प्रमाण ही दौलत आपोआप मिळेल. आजी गेल्यावर ती मिळणार नाहीं. कारण तिचें माप वाटींत नसून मुठींत आहे, आणि मूठ लिहून ठेवितां येत नाहीं.

म्हणून महोत्सवाच्या ह्या वर्षीं आमची आपणांस इतकीच विनंति आहे: येत्या नाताळास प्रत्येक घरीं निदान एक जिन्नस आपल्या हातानें व्हावा, आणि पहिलें ताट आपल्या मेजावर न ठेवितां ज्या घरीं यंदा दिवा मंदावला आहे तेथें प्रथम जावें. बेथलेहेम ह्या नांवाचा अर्थ ‘भाकरीचें घर’ असा आहे. तेथें जन्मलेल्या प्रभूनें आपल्या धर्मग्रामांतील प्रत्येक चुलीस आशीर्वाद द्यावा, व जीं हस्तें हें ताट आजवर भरीत आलीं त्यांस अनंत सुखाच्या मेजवानींत स्थान द्यावें, हीच त्याच्या चरणीं आमची प्रार्थना.