जिलबी पाडणारा रोबोट : गाडीच्या काचेमागची गोष्ट

आजचा भाग गाड्यांवर आहे, पण इंजिन, मायलेज, टॉप स्पीड यातलं काहीही नाही. आज बोलायचंय एका काळ्या, चिकट, लगद्यासारख्या पदार्थावर. सीलंट. गाडीचे पत्रे जिथे एकमेकांना भेटतात त्या फटीत तो भरलेला असतो, आणि पुढची काच ज्याच्या जोरावर चिकटून बसते तो गोंदही त्याच्याच घराण्यातला. पावसाळ्यात गाडीत पायाखाली पाणी साचत नाही ते त्याच्यामुळे.

मला यात रस का आला, तर एका साध्या प्रश्नामुळे. कारखान्यात वेल्डिंग करणारे रोबोट १९६९ मध्येच आले. मग हा गोंद लावायचं काम, जे बघायला वेल्डिंगपेक्षा कितीतरी सोपं, ते रोबोटला मिळायला ऐंशीचं दशक का उजाडलं?

आधी जुनी पद्धत आठवा. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनायची ती. तिची पुढची काच रबराच्या जाड पट्टीत बसवलेली असायची. पट्टीच्या खाचेत दोरी घालायची, काच बाहेरून दाबायची आणि आतून दोरी ओढत जायची. रबराची कड फटकन पत्र्यावर बसते. दोन माणसांचं काम, हातखंडा असेल तर पटकन होणारं. पण अपघातात अशी काच अख्खीच्या अख्खी निघून पडू शकते. अमेरिकेने १९७० पासून नियमच लावला की समोरून धडक बसली तरी काच जागेवर टिकली पाहिजे. हळूहळू पॉलियुरेथेनचा गोंद सगळीकडे आला. आज काच ही गाडीच्या सांगाड्याचा भाग असते. ती बॉडीला ताठ ठेवते, आणि शेजारच्या सीटची एअरबॅग फुगताना काचेचाच आधार घेते. म्हणजे गोंदाच्या रेघेत खंड पडला तर प्रश्न गळतीपुरता राहत नाही.

आता रोबोटकडे येऊ. जॉर्ज डेव्होल नावाच्या अमेरिकन माणसाने १९५४ मध्ये पेटंटचा अर्ज केला. जोसेफ एंगलबर्गर त्याला एका पार्टीत भेटला, आणि दोघांच्या खटपटीतून युनिमेट तयार झाला. १९६१ मध्ये तो न्यू जर्सीत ट्रेंटनजवळच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात कामाला लागला. काम काय, तर साच्यातून निघालेले तापलेले धातूचे भाग उचलायचे. पुढे १९६९ मध्ये ओहायोतल्या लॉर्ड्सटाउनला युनिमेट स्पॉट वेल्डिंग करू लागले.

इथे एक गोम आहे. स्पॉट वेल्डिंगमध्ये रोबोटला फक्त ठिपके माहीत असावे लागतात. या ठिपक्यावर जा, चिमटा दाब, पुढच्या ठिपक्यावर जा. मधल्या वाटेत हात थोडा वर गेला, थरथरला, कुणाला फरक पडतो? गोंदाचं तसं नाही. ते जिलबी पाडण्यासारखं आहे. हलवायाचा हात बघा कधी नीट. हात फिरवायचा वेग आणि फडकं दाबायचा जोर, दोन्ही एकमेकांशी जुळलेले असतात. हात रेंगाळला की जाड गोळा, घाईत फिरला की तार तुटली. गोंदाच्या कामात वाट महत्त्वाची, अख्खी वाट, आणि वाटेवरच्या प्रत्येक क्षणाचा वेगसुद्धा. सुरुवातीच्या युनिमेटला ही भाषाच येत नव्हती.

ती भाषा पहिल्यांदा शिकवली कुणी, तर नॉर्वेतल्या हातगाड्या बनवणाऱ्या एका कंपनीने! ब्रीने नावाच्या लहानशा गावात ट्राल्फा नावाची कंपनी शेतीकामाच्या एकचाकी हातगाड्या बनवायची. त्या रंगवायचं काम वाईट. वाफ, खोकला, दिवसभर तेच, त्यामुळे माणसं टिकायची नाहीत. ओले मोलॉग या इंजिनिअरने साठच्या दशकात रंग मारणारा हायड्रॉलिक हात बनवला. त्याला शिकवायची रीत मला फार भारी वाटते. आकडे भरायचे नाहीत. मुरलेल्या रंगाऱ्याने रोबोटचा हात धरायचा आणि नेहमीसारखा रंग मारायचा. त्याच्या हाताची प्रत्येक लकब चुंबकीय टेपवर उतरायची, आणि रोबोट ती पुन्हा वाजवायचा. गाणं रेकॉर्ड करावं तसं. ही कंपनी पुढे स्वीडनच्या आसेआने घेतली, आसेआचं एबीबी झालं.

जरा थांबून त्या रंगाऱ्याचा विचार करा. वीस वर्षांत कमावलेला हात त्याने एका दुपारी टेपवर उतरवून दिला. फुफ्फुसं वाचली हे खरंच, आणि ते लहान नाही. पण त्या रेकॉर्डिंगवर त्याचा हक्क काय? गायकाला निदान नाव तरी मिळतं.

लॉर्ड्सटाउनची बाजूही ऐका. तिथली लाइन तासाला सुमारे १०० गाड्या काढायची. म्हणजे एका गाडीमागे कामगाराला ३६ सेकंद. रोबोटने वेल्डिंग घेतलं, पण लाइनचा वेग वाढला आणि रोबोटला न जमणारी कामं त्याच वेगाने माणसांनी करायची होती. कामगार बहुतेक विशी-पंचविशीतले, तुमच्या वयाचे. १९७२ च्या मार्चमध्ये त्यांनी तीन आठवडे संप केला. पगार हा मुख्य मुद्दा नव्हता, कामाचा वेग होता.

सत्तरच्या दशकात चित्र पालटलं. १९७४ मध्ये आसेआने आयआरबी ६ आणला. सगळा विजेवर चालणारा, आत मायक्रोप्रोसेसर. तेलाच्या दाबाऐवजी मोटर आल्या आणि हालचाल सफाईदार झाली. आता वाट गणिताने आखता येऊ लागली. नोझल कोपऱ्यावर आलं की हात मंदावतो, तेव्हा कंट्रोलर पंपालाही सांगतो, कमी सोड. सरळ पट्टीवर हात सुसाटतो, तेव्हा जास्त सोड. जिलबीचं गणित सुटलं.

कागदावर! कारण माल स्वतःच खोडकर. थंडीत घट्ट, उन्हाळ्यात पातळ, म्हणून ड्रमपासून नोझलपर्यंत पाइप एकाच तापमानाला ठेवावे लागतात. काचेचा गोंद हवेतल्या ओलाव्याने कडक होतो, म्हणजे शिफ्ट संपली आणि नोझल उघडं राहिलं की सकाळी चोंदलेलं. ड्रम बदलताना हवेचा बुडबुडा आत शिरला तर रेघेत मध्येच फट पडते. शिवाय प्रत्येक बॉडी लाइनवर दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे उभी राहते. माणूस ते नकळत सावरतो, रोबोटला त्यासाठी कॅमेरा द्यावा लागला. काही ठिकाणी उलटी युक्ती केली. नोझल जागेवर पक्कं, आणि रोबोट काचच हातात धरून त्याखालून फिरवतो.

या सगळ्याची घाई किती महाग पडते ते डेट्रॉइटने पाहिलं. जनरल मोटर्सचा हॅमट्रॅमकचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. त्याच्या जागेसाठी १९८१ मध्ये पोलटाउन नावाची अख्खी वस्ती पाडली होती, घरं, दुकानं, चर्चसकट. कंपनीचे प्रमुख रॉजर स्मिथ यांचा रोबोटवर अफाट विश्वास. आणि बातम्या काय आल्या? रंगाचे रोबोट गाडी सोडून एकमेकांनाच रंगवतायत. हसू येतं, पण ज्यांची घरं गेली त्यांना ते वाचून काय वाटलं असेल? त्याच सुमारास, १९८४ मध्ये, टोयोटासोबत कॅलिफोर्नियातल्या फ्रेमाँटला सुरू केलेल्या कारखान्यात रोबोट कमी होते, आणि गाड्या चांगल्या निघत होत्या. तिथे चूक दिसली तर कामगार दोरी ओढून लाइन थांबवू शकायचा. माझ्या मते फरक त्या दोरीत होता.

तरीही सीलंटचे रोबोट टिकले, आणि टिकायलाच हवे होते. हात वर करून गाडीच्या पोटाखाली दिवसभर गन धरणं म्हणजे खांदा निकामी. पॉलियुरेथेनमधल्या आयसोसायनेटने दमा जडू शकतो. ही कामं माणसांकडेच राहावीत असं म्हणणाऱ्याने आधी एक शिफ्ट करून बघावी.

आज चाकण असो की चीन, मोठ्या कारखान्यांत काचेचा गोंद आणि गाडीच्या पोटाखालचं सीलंट बहुतेक रोबोटच लावतो. पण डिकीच्या कोपऱ्यात, बिजागरीमागे, जिथे रोबोटचा हात वळत नाही तिथे अजून माणूस ब्रश घेऊन उभा असतो. बघायचंय? घरची नाहीतर मित्राची गाडी घ्या. डिकी उघडा, रबर आणि कार्पेट जरा बाजूला करा. रंगाखाली फुगलेल्या रेघा दिसतील. एकसारखी, मोजून मारल्यासारखी रेघ असेल तर ती बहुधा रोबोटची. आणि ब्रशचे केस उमटलेले, टोकाला फराटा ओढलेला दिसला, तर ते कुणाच्या तरी मनगटाचं काम. फोटो काढा आणि पाठवा, पुढच्या भागात त्यावर बोलू.