चिनी वैद्यक आणि यकृताचे विकार

यकृताच्या विकारांवर वनौषधींचा उपयोग करण्याची परंपरा अनेक संस्कृतींत आढळते. त्यांपैकी चीनमधील परंपरा सुमारे दोन हजार वर्षांची असून ती ग्रंथबद्ध आहे, आणि आजही तेथील रुग्णालयांत आधुनिक उपचारांच्या बरोबरीने वापरात आहे. हिपॅटायटिस बी या आजाराचा मोठा भार दीर्घकाळ वाहणाऱ्या या देशात ही औषधे कोट्यवधी रुग्णांनी घेतली आहेत. त्यामुळे त्यांच्या उपयोगाविषयी आणि अपायाविषयीही बरीच माहिती जमा झाली आहे.

यकृताची वेगळी कल्पना

चिनी वैद्यकातील 'यकृत' आणि शरीरशास्त्रातील यकृत यांचे नाव एक असले तरी अर्थ एक नाही. 'हुआंगदी नेइजिंग' या प्राचीन ग्रंथात यकृताला सेनापतीची उपमा दिली आहे. रक्त साठविणे आणि 'ची' म्हणजे प्राणशक्तीचा प्रवाह शरीरभर मोकळा ठेवणे ही त्याची प्रमुख कार्ये मानली जातात. पंचतत्त्वांपैकी काष्ठ हे त्याचे तत्त्व, वसंत हा ऋतू आणि क्रोध ही त्याची भावना होय. डोळे, स्नायुबंध आणि नखे यांचा संबंधही यकृताशी जोडला जातो. साहजिकच चिनी वैद्याने 'यकृतात दोष आहे' असे सांगितले, म्हणजे रक्ततपासणीत यकृताचा आजार आढळेलच असे नाही. उलट, अंगात विषाणू असूनही कोणतेच लक्षण नसलेला रुग्ण या पद्धतीत निरोगी ठरू शकतो.

निदानासाठी पाहणे, ऐकणे व वास घेणे, विचारणे आणि नाडी तपासणे अशा चार पद्धती आहेत. जिभेचा रंग व तिच्यावरील थर बारकाईने पाहिला जातो. ताणलेल्या तारेसारखी लागणारी नाडी यकृतदोषाची खूण समजली जाते. काविळीचेही दोन प्रकार मानले आहेत. उजळ, संत्र्यासारखा पिवळेपणा असल्यास 'यांग' कावीळ, तर धुरकट, निस्तेज पिवळेपणा असल्यास 'यिन' कावीळ. पहिलीचे कारण 'उष्णता व ओलावा', तर दुसरीचे 'शीत व ओलावा' असे सांगितले जाते. जलोदराने ढोलासारखे फुगणारे पोटही या वैद्यांनी फार पूर्वी नोंदवून ठेवले आहे. रोगाचे एकच नाव असले तरी प्रत्येक रुग्णातील दोषानुसार काढा बदलतो, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य होय.

प्रमुख औषधे

हान राजवटीच्या अखेरीस, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांच्या सुमारास होऊन गेलेल्या झांग झोंगजिंग या वैद्याचे दोन काढे आजही प्रसिद्ध आहेत. 'यिनछेनहाओ थांग' हा काविळीवरील काढा तीन घटकांचा आहे. त्यात दवण्याच्या कुळातील एक वनस्पती, आपल्याकडील बागांतही दिसणाऱ्या अनंताची फळे आणि रेवाचिनीचे मूळ असते. 'श्याओ छाइहू थांग' हा दुसरा काढा सात घटकांचा असून त्यात बुप्लेरम, स्कुटेलेरिया, पिनेलिया, जिनसेंग, ज्येष्ठमध, आले आणि चिनी बोरे असतात.

यांखेरीज शिसांड्रा या वेलीची फळेही वापरली जातात. त्यांतील घटकांवर संशोधन करून चिनी शास्त्रज्ञांनी 'बायफेंडेट' हे औषध तयार केले. ज्येष्ठमधातील ग्लायसिरायझिनपासून तयार केलेली इंजेक्शने जपान व चीनमध्ये यकृताच्या दाहावर वापरली जातात. तथापि, ज्येष्ठमधाचे प्रमाण वाढल्यास रक्तातील पोटॅशियम घटते, रक्तदाब वाढतो आणि अंगावर सूज येते. जलोदर असलेल्या रुग्णाला हे विशेष धोक्याचे असते.

अहवाल सुधारतो, आजार राहतो

या औषधांविषयीचा खरा वाद येथे सुरू होतो. बायफेंडेटमुळे रक्तातील एसजीपीटी या विकराची पातळी झपाट्याने खाली येते. मात्र औषध थांबविल्यावर ती अनेकदा पुन्हा चढते. अहवालातील आकडा सामान्य झाला म्हणजे विषाणू गेला किंवा यकृताची हानी थांबली, असा त्याचा अर्थ होत नाही. हिपॅटायटिस बीच्या रुग्णात विषाणूचे प्रमाण, यकृतातील तंतुमय बदल आणि कर्करोगाची शक्यता यांचा स्वतंत्रपणे तपास करावा लागतो. केवळ एसजीपीटीवर समाधान मानणाऱ्या रुग्णाची मोलाची वर्षे वाया जाण्याचा धोका असतो.

जपानमधील अनुभव या दृष्टीने बोलका आहे. 'श्याओ छाइहू थांग' तेथे 'शो-साइको-तो' या नावाने ओळखला जातो आणि जुनाट हिपॅटायटिसवर तो मोठ्या प्रमाणावर दिला जात असे. ओसाका येथील संशोधकांनी सिरॉसिसच्या 260 रुग्णांवर केलेला पाच वर्षांचा अभ्यास 1995 मध्ये प्रसिद्ध झाला. काढा घेणाऱ्यांत यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण कमी दिसले. परंतु सर्व रुग्ण एकत्र धरता हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरला नाही. हिपॅटायटिस बी नसलेल्या गटात तो अधिक ठळक होता. पुढच्याच वर्षी, 1996 मध्ये, जपानच्या आरोग्य मंत्रालयाने तातडीचा इशारा दिला. हा काढा घेणाऱ्या 88 रुग्णांना फुप्फुसाच्या ऊतींचा गंभीर दाह झाला होता आणि त्यांपैकी 10 जण दगावले होते. इंटरफेरॉनसोबत हा काढा देण्यास त्याआधीच मनाई करण्यात आली होती.

औषधच अपायकारक ठरते तेव्हा

'वनस्पतीपासून बनलेले म्हणजे निर्धोक' या समजुतीला सर्वांत मोठा धक्का 'हे शोउ वू' या मुळाने दिला. यकृत व मूत्रपिंड यांना बळ देणारे आणि केस काळे करणारे म्हणून ते प्रसिद्ध आहे. याच मुळामुळे यकृताला इजा झाल्याची अनेक उदाहरणे नोंदली गेली आणि 2014 मध्ये चीनच्या औषध प्रशासनानेच त्याविषयी सावधगिरीची सूचना काढली. चीनमधील 308 रुग्णालयांतील औषधजन्य यकृतविकाराच्या 25,927 रुग्णांचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी सुमारे 27 टक्के प्रकरणांत पारंपरिक औषधे अथवा वनौषधींची पूरके कारणीभूत आढळली.

अॅरिस्टोलोकिक आम्ल असलेल्या वनस्पतींचा धोका याहून गंभीर आहे. तैवानमधील यकृताच्या कर्करोगाच्या 98 गाठींची जनुकीय तपासणी केली असता 78 टक्के गाठींत या आम्लाने घडविलेल्या बदलांच्या खुणा सापडल्या, असे 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. तैवानने अशा वनस्पतींवर 2003 मध्येच बंदी घातली होती.

चीनने मात केली ती कशाने?

चीनमधील परिस्थितीत सर्वांत मोठा बदल घडविला तो लसीने. 1992 च्या पाहणीत पाच वर्षांखालील सुमारे 10 टक्के मुलांत हिपॅटायटिस बीचा संसर्ग आढळला होता. 2002 पासून ही लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात समाविष्ट झाली आणि 2014 च्या पाहणीत हे प्रमाण 0.3 टक्क्यांवर आले. आज हिपॅटायटिस बीवर विषाणू दाबून ठेवणाऱ्या गोळ्या उपलब्ध आहेत, तर हिपॅटायटिस सी हा आजार गोळ्यांच्या काही आठवड्यांच्या उपचाराने बहुतेक रुग्णांत पूर्ण बरा होतो. कोणत्याही काढ्याविषयी असा दावा सिद्ध झालेला नाही.

याचा अर्थ चिनी वैद्यकातील सर्व औषधे निरुपयोगी आहेत, असा नाही. यकृतातील तंतुमय बदल रोखण्यासाठी काही मिश्रणांवर चाचण्या झाल्या आहेत. मात्र या क्षेत्रातील अनेक चाचण्या लहान आणि सदोष असल्याचे तटस्थ परीक्षणांत आढळले आहे. म्हणूनच असे औषध घेणाऱ्या अथवा घेऊ इच्छिणाऱ्या रुग्णाने त्यातील घटकांची नावे यकृततज्ज्ञाला सांगावीत, सुरू असलेली विषाणूरोधक गोळी स्वतःहून बंद करू नये आणि यकृताची तपासणी ठरावीक अंतराने करून घ्यावी. औषध घेत असताना लघवी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे, अन्नावरची वासना जाणे अथवा अंगाला खाज सुटणे अशी लक्षणे दिसल्यास औषध तत्काळ थांबवून डॉक्टरांकडे जावे.