सातवाहनांचे राज्य आणि दोन राजमातांची साक्ष

साम्राज्य हा शब्द ऐकला की आपल्यासारख्या ख्रिस्ती कुटुंबांच्या मनात प्रथम पवित्र शास्त्रातील नावे येतात. मिसरचा फारो, बाबेलचा नबुखद्नेस्सर, इराणचा कोरेश आणि ज्याच्या नोंदणीच्या आज्ञेमुळे योसेफ व मरिया यांना बेथलेहेमची वाट धरावी लागली, तो कैसर औगुस्त. ही नावे आपण बालपणापासून ऐकत आलो. परंतु त्याच सुमारास आपल्या पायाखालच्या भूमीवर कोण राज्य करीत होते, असे कोणी विचारले तर आपल्यापैकी बहुतेकांना थांबावे लागेल. पुण्याच्या वाचकाला त्याचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जायला नको. जुन्नर, कार्ले आणि नाशिक एवढी तीन ठिकाणे पुरेशी आहेत.

राज्यापूर्वीचे जगणे कसे होते, हे पुण्याच्या पूर्वेस घोड नदीकाठच्या इनामगावात दिसते. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी 1968 ते 1983 या काळात तेथे उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे 1600 ते 700 या काळातील त्या शेतकरी वस्तीत गावप्रमुखाचे घर होते, धान्याचे कोठार होते, पाण्याचा पाटही होता. राजा मात्र नव्हता. आपल्या भागात मोठ्या सत्तेचा पहिला लेखी आवाज उमटतो तो सम्राट अशोकाचा. वसईजवळच्या सोपाऱ्यात त्याच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजी यांना 1882 मध्ये मिळाला आणि नवव्या लेखाचा तुकडा 1956 मध्ये भुईगावला सापडला. वसईकडील आमच्या वाचकांना भुईगाव हे नाव सांगावे लागणार नाही. त्या गावाचा अशोकाशी असा संबंध आहे, हे मात्र तेथल्याही सर्वांना ठाऊक असेल असे वाटत नाही.

मौर्यांची सत्ता ओसरल्यावर दख्खनमध्ये सातवाहन पुढे आले. त्यांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण. पण त्यांच्या उदयाचे रहस्य आमच्या मते राजधानीपेक्षा घाटात अधिक आहे. कोकणातील बंदरांत उतरलेला माल देशावर यायचा तर सह्याद्री चढावा लागे, आणि कल्याणहून जुन्नरकडे येणारी जवळची वाट नाणेघाटाची होती. ज्याच्या हाती घाट, त्याच्या हाती जकात. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, असे लोक सांगतात. रांजणाचे काही असो, वाट कोरून काढण्याचा खर्च कोणी उगाच केला नसेल.

याच घाटातील एका लेण्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत एक दीर्घ लेख आहे. कर्नल साईक्स यांनी 1828 मध्ये त्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. पहिल्या सातकर्णीची राणी नागनिका हिच्याशी हा लेख निगडित आहे. मागच्या भिंतीवर राजघराण्यातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. सिमुक सातवाहन, राणी, सातकर्णी, राजकुमार आणि एक महारठी अशी नावे वर कोरलेली आहेत, पण प्रतिमा नाहीशा झाल्या असून काहींची केवळ पावले उरली आहेत. लेखात युद्धांची वर्णने नाहीत. आहे ती यज्ञांची आणि दक्षिणेची यादी. दोन अश्वमेध, राजसूय, 11,000 गाई, 1,000 घोडे, 24,400 कार्षापणे असा तो हिशेब चालतो. भारतीय अंकांच्या इतिहासात या लेखातील अंकचिन्हांना मोठे स्थान आहे. ही संपत्ती घाट चढणाऱ्या कोणाकोणाच्या पाठीवरून आली, हे यादीत नाही. तशी अपेक्षाही धरता येत नाही, कारण दानाच्या लेखात दात्याचेच नाव असते.

राणी स्वतःविषयी मात्र एक वेगळी गोष्ट सांगते. ती महिना महिना उपवास करणारी, घरात राहून तापसीचे जीवन जगणारी, ब्रह्मचर्य पाळणारी आहे. म्हणजे राजा गेलेला आहे, मुले आहेत, आणि घराण्याचा अधिकार जगापुढे मांडण्याचे काम या विधवेच्या वाट्याला आले आहे.

पुढे काही काळ सातवाहनांचे नशीब फिरले. क्षहरात घराण्यातील शक क्षत्रप नहपान याने कोकण, नाशिक, पुणे हा सारा मुलूख घेतला. जुन्नरच्या मानमोडी डोंगरातील लेण्यात त्याच्या अयम नावाच्या अमात्याचा लेख आजही वाचता येतो. परकीय म्हणून नहपानाला हिणवणे सोपे आहे. पण त्याचा जावई उषवदात याने नाशिकच्या लेण्यात जे कोरून ठेवले ते वाचल्यावर हात थबकतो. त्याने नद्यांवरील नावा लोकांसाठी विनामूल्य केल्या, सोपाऱ्यासारख्या ठिकाणी धर्मशाळा बांधल्या, ब्राह्मणांना आणि बौद्ध भिक्षूंना सारखेच दान दिले. त्याने 3,000 कार्षापणे गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून दिली. त्यांपैकी 2,000 वर दरमहा शेकडा एक व्याज. वर्षाचे 240 होतात. ते वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा असे वाटायचे. मूळ रक्कम परत घ्यायची नाही, व्याजच खायचे. आपल्या धर्मग्रामांत पूर्वजांनी मिस्सासाठी ठेवलेल्या निधीचा व्यवहार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा हिशेब चटकन कळेल.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाची सत्ता मोडली. याचा पुरावा नाण्यांतच आहे. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे 1906 मध्ये चांदीच्या 13,000 हून अधिक नाण्यांचा साठा मिळाला. सारी नाणी नहपानाची, आणि त्यांतील सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला. जुन्या राजाचा चेहरा पूर्ण पुसलाही गेलेला नाही. लोकांच्या हातातला पैसा तोच राहिला, फक्त शिक्का बदलला.

जमिनीचेही तसेच झाले. उषवदाताने कार्ल्याच्या भिक्षूंना करजिक नावाचे गाव दिले होते. सत्ता पालटल्यावर सातवाहन राजाने मामाल, म्हणजे आपल्या मावळच्या अधिकाऱ्याला आज्ञा पाठवली आणि ते गाव पुन्हा त्याच संघाला दिले. कार्ल्याच्या चैत्यगृहात अनेक खांबांवर दात्यांची नावे आहेत, त्यांत यवनही आहेत. धेनुकाकट येथील सिंहध्वज नावाच्या यवनाने एक खांब दिला. जुन्नरला इरिल नावाच्या यवनाने दोन पाण्याची टाकी खोदवली. समुद्रापलीकडच्या माणसाने येथे येऊन तहानलेल्यांसाठी पाणी साठवावे, ही गोष्ट आम्हाला अश्वमेधाहून मोठी वाटते. (पुण्यात क्वार्टर गेटजवळचे आपले चर्च 1792 मध्ये सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेल्या जागेवर उभे राहिले, ते त्यांच्या फौजेतील ख्रिस्ती शिपायांसाठी. राज्यकर्त्याने अन्य श्रद्धेच्या लोकांना जागा द्यावी, ही या मुलखातली रीत किती जुनी आहे हे कार्ल्याला गेल्यावर कळते.)

आता दुसऱ्या राजमातेकडे येऊ. नाशिकच्या लेण्यात गौतमीपुत्राच्या राज्याच्या चोविसाव्या वर्षाची एक आज्ञा आहे. आधी तपस्व्यांना दिलेले शेत कसले जात नाही, कारण ते गाव ओस आहे. म्हणून नगराजवळच्या राजाच्या जमिनीतून 100 निवर्तने द्यावीत, असा तिचा आशय. गाव ओस का पडले ते आज्ञेत नाही. क्षहरातांशी झालेल्या युद्धाला तेव्हा फार वर्षे लोटली नव्हती, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे झाले. ही आज्ञा राजाबरोबर त्याच्या आईच्याही वतीने निघाली आहे, आणि तिथे तिला 'जीवसुता', म्हणजे जिचा पुत्र जिवंत आहे अशी, म्हटले आहे.

त्यानंतर त्याच लेण्यात नातू पुळुमावी याच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी गौतमी बलश्रीचा लेख कोरला गेला. आता ती जीवसुता नाही. म्हातारी राजमाता आपल्या गेलेल्या मुलाची कीर्ती सांगते आहे. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले, त्याने शक, यवन, पह्लव यांचा नाश केला, क्षहरात वंश निर्मूल केला, धर्माला धरूनच कर घेतला आणि अपराध करणाऱ्या शत्रूचाही जीव घेण्याची त्याला आवड नव्हती. तो आईची सेवा न चुकता करी, हेही सांगायला ती विसरत नाही. इतिहासकार या लेखातून प्रदेशांची नावे आणि युद्धांची अनुमाने काढतात, ते योग्यच आहे. पण वंश निर्मूल केल्याचा अभिमान आणि शत्रूविषयीची दया एकाच लेखात कशी बसते, हा प्रश्न उरतोच. आम्हाला वाटते, ती राजाची नव्हे, आईची साक्ष आहे, आणि आईच्या साक्षीत या दोन्ही गोष्टी शेजारी राहू शकतात. ते लेणे तिने बौद्ध भिक्षूंना अर्पण केले.

इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात हे राज्य विस्कटले आणि त्याचे तुकडे निरनिराळ्या घराण्यांनी घेतले. भाषा मात्र टिकली. ज्या प्राकृतात हे लेख कोरले गेले, तिच्या कुळातील महाराष्ट्री प्राकृतातून पुढे आपली मराठी घडली. राजा हालाच्या नावाने ओळखली जाणारी 'गाथासप्तशती' ही त्या प्राकृतातील सातशे गाथांची ठेव, आणि तिच्यात राजे थोडे, नांगर, पाऊस व खेड्यातल्या बायाबापड्याच अधिक.

दुसरा वारसा आपल्या घरातल्या दिनदर्शिकेवर आहे. तिच्यावरील 'शालिवाहन शके' इसवी सन 78 पासून मोजले जाते. ही कालगणना शतकानुशतके वापरली ती पश्चिमेकडील शक क्षत्रपांनी. सातवाहन तर आपल्या लेखांत राजाच्या राज्याची वर्षे मोजत. शालिवाहनाचे नाव तिला फार नंतर जोडले गेले. 22 मार्च 1957 पासून भारत सरकारनेही तेच शक राष्ट्रीय दिनदर्शिकेसाठी स्वीकारले.