छंदाच्या सीएनसी लेथवरील स्थान-प्रतिसाद संवेदक

घरगुती सीएनसी लेथच्या सरकत्या भागांचे किंवा स्पिंडलचे प्रत्यक्ष स्थान मोजून नियंत्रकाला कळवणारी साधने. अशा लेथवर बहुधा स्टेपर मोटर असते. ती एका फेऱ्यात २०० पावले टाकते. म्हणजे दर पावलाला १.८ अंश. नियंत्रक पावले मोजून स्थान गृहीत धरतो. काप जड झाला आणि मोटर अडली, तर पावले चुकतात, पण नियंत्रकाला त्याचा पत्ता लागत नाही आणि जॉब बिघडतो.

मोटरच्या शाफ्टवर बसवलेला एन्कोडर, म्हणजे फिरणे मोजणारा संवेदक, ही चूक पकडतो. त्याच्या दोन वाहिन्यांतील स्पंद एकमेकांपासून पाव आवर्तनाने सरकलेले असतात; त्यांवरून दिशा कळते आणि १००० रेषांच्या चकतीतून फेऱ्यामागे ४००० गणना मिळतात. मात्र स्क्रू व नट यांमधला प्ले, म्हणजे ढिलेपणा, त्याला दिसत नाही. त्यासाठी क्रॉस स्लाइडवरच, म्हणजे हत्यार आडवे सरकवणाऱ्या भागावर, काचेची रेषीय मोजपट्टी लावावी लागते. लेथवर तिचे मोल अधिक, कारण क्रॉस स्लाइडची ०.०२ मिमी चूक व्यासात ०.०४ मिमी होते. पट्टीला चिप्स व कूलंटपासून आडोसा हवाच.

लिनक्ससीएनसीसारखी नियंत्रण-प्रणाली आज्ञा आणि मोजमाप यांतला फरक मर्यादेबाहेर जाताच यंत्र थांबवते. मात्र प्ले मोठा असताना केवळ पट्टीच्या आधारे मोटर चालवल्यास स्लाइड मागेपुढे थरथरते. म्हणून आधी यांत्रिक ढिलेपणा काढणे आवश्यक ठरते.

आटे पाडण्यासाठी स्पिंडलवर दर फेऱ्याला एक निर्देशांक स्पंद देणारा एन्कोडर लागतो. त्यामुळे प्रत्येक काप त्याच आट्यात उतरतो. नवशिक्याने पहिला खर्च यावरच करणे सर्वांत फायद्याचे ठरते.