मुक्या अक्षराचा शोध

लढायांचा इतिहास आपण नेहमीच बघतो. आज एका आजाराविरुद्धच्या लढाईचा इतिहास सांगतो. 2009 साली आलेला ‘पा’ हा सिनेमा तुम्हाला आठवत असेल. अमिताभ बच्चन यांनी त्यात प्रोजेरिया झालेल्या मुलाचं काम केलं होतं. हा आजार खरा आहे. साधारण 40 लाख जन्मांमागे एका मुलाला तो होतो. जन्मताना मूल ठीक दिसतं. पहिल्या एक-दोन वर्षांत वाढ खुंटते, केस गळतात, कातडी आक्रसते. बुद्धी मात्र शाबूत असते. रक्तवाहिन्या म्हाताऱ्या माणसासारख्या कडक होतात आणि उपचाराविना साधारण साडेचौदाव्या वर्षी हृदयविकार किंवा पक्षाघात मुलाला घेऊन जातो.

1886 साली लंडनच्या जोनाथन हचिन्सन यांनी अशा मुलाची पहिली नोंद केली. पुढे हेस्टिंग्ज गिलफर्ड यांनी आणखी अभ्यास करून 1904 मध्ये प्रोजेरिया हे नाव दिलं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ अकाली वार्धक्य. नाव मिळालं, कारण मात्र मिळालं नाही. जवळजवळ शंभर वर्षं डॉक्टर फक्त वर्णन लिहीत राहिले.

चित्र पालटलं ते एका घरामुळे. अमेरिकेतल्या लेस्ली गॉर्डन आणि स्कॉट बर्न्स या डॉक्टर दांपत्याच्या मुलाला, सॅमला, हा आजार निघाला. या आजारावर कुणीच काम करत नाही, हे पाहून त्यांनी 1999 मध्ये प्रोजेरिया रिसर्च फाउंडेशन स्थापन केलं. मानवी जनुक प्रकल्पाचे प्रमुख फ्रान्सिस कॉलिन्स सोबत आले. एप्रिल 2003 मध्ये त्यांच्या चमूने आणि फ्रान्समधल्या निकोलस लेव्ही यांच्या चमूने स्वतंत्रपणे कारण जाहीर केलं: एलएमएनए या जनुकातलं एकच अक्षर बदललेलं.

गंमत अशी की हा बदल मुका वाटतो. ‘जीजीसी’चं ‘जीजीटी’ होतं, पण दोन्हींचा अर्थ एकच, ग्लायसीन हे अमिनो आम्ल. अर्थ तोच राहिला, मग बिघडलं कुठे? नव्या अक्षरामुळे पेशीला तिथे कापायची खूण दिसते. ती चुकीच्या जागी कात्री चालवते आणि प्रथिनातली 50 अमिनो आम्लं गळतात. पेशीच्या केंद्रकाला आतून आधार देणाऱ्या लॅमिन ए या प्रथिनाला तयार होताना एक चिकट शेपूट लागते, ती शेवटी कापून टाकायची असते. कापायची जागा नेमकी त्या 50 मध्ये होती. शेपूट राहते, प्रथिन केंद्रकाच्या आवरणाला चिकटून बसतं आणि केंद्रक वेडंवाकडं होतं. या बिघडलेल्या प्रथिनाला प्रोजेरिन म्हणतात.

कारण कळल्यावर शस्त्रही सापडलं, तेही दुसऱ्याच आघाडीवरचं. लोनाफार्निब हे औषध कर्करोगासाठी बनवलं होतं. ते ही शेपूट लागूच देत नाही. 2007 मध्ये बोस्टनला मुलांवर चाचणी सुरू झाली आणि नोव्हेंबर 2020 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. आयुष्य सरासरी अडीच वर्षांनी वाढतं. आजार बरा होत नाही.

आता हिशोब करा. संस्था स्थापन झाल्यापासून मान्यतेपर्यंत 21 वर्षं गेली. विज्ञानाच्या मानाने हा वेग विलक्षण आहे, पण या मुलांच्या आयुष्यापेक्षा तो काळ मोठा आहे. सॅम जानेवारी 2014 मध्ये 17 व्या वर्षी गेला. या आजाराविषयी लोकांशी जाहीरपणे बोलणारा आपल्या भिवंडीचा निहाल बिटला मे 2016 मध्ये 15 व्या वर्षी गेला. मान्यतेचा दिवस दोघांनीही पाहिला नाही.

2021 मध्ये उंदरांमध्ये ते चुकलेलं अक्षर थेट दुरुस्त करून त्यांचं आयुष्य दुपटीहून जास्त वाढवता आलं. 2006 मध्ये असंही दिसलं होतं की तीच चुकीची कात्री निरोगी माणसाच्या पेशींतही क्वचित चालते. म्हणजे या मुलांचा अभ्यास तुमच्या-माझ्या म्हातारपणाचाही अभ्यास आहे. त्यांचं देणं आपल्या सगळ्यांवर आहे.

ते फेडायचा एक साधा मार्ग आहे. गावात असं मूल दिसलं तर नवस-अंगारे करण्यात किंवा बघ्यांची गर्दी जमवण्यात त्याचे दिवस घालवू नका. मोठ्या रुग्णालयाच्या बालरोग विभागात न्या, जनुक चाचणीबद्दल विचारा. ती रक्तावर होते. फाउंडेशन 2009 पासून जगभर अशी मुलं शोधतं आहे. औषध आता आहे, पण ते पोहोचायला आधी मूल सापडायला हवं.

जय हिंद.