भूप्रतल, गृहनिर्मित संमिश्र विमानातील

उभ्या आकाशकाच्या (अँटेनाच्या) बुडाशी असणाऱ्या विद्युत् संवाहक पृष्ठाला भूप्रतल म्हणतात. धातूच्या विमानात हे कार्य विमानाचा पत्राच करतो व त्यासाठी वेगळी योजना करावी लागत नाही. काचतंतू व रेझीन यांच्या संमिश्र द्रव्यातून बांधलेले विमान मात्र विद्युत् निरोधक असते. त्यात भूप्रतल मुद्दाम बसवावे लागते. घरी वा लहान कार्यशाळेत विमान बांधणाऱ्या हौशी रचनाकारावर ही जबाबदारी सर्वस्वी येऊन पडते आणि तिच्यात राहिलेला दोष उड्डाण होईपर्यंत बहुधा लक्षात येत नाही.

या कल्पनेचे मूळ जमिनीतच आहे. गूल्येल्मो मार्कोनी यांनी १८९५ साली इटलीत प्रेषकाचे एक टोक उंच टांगले व दुसरे जमिनीत पुरले, तेव्हा संदेशाचा पल्ला एकदम वाढला. संवाहक भूमी आरशासारखी वागते. तरंगलांबीच्या चतुर्थांशाएवढ्या उभ्या दांड्याचे विद्युत् प्रतिबिंब तिच्यात पडते आणि दांडा व प्रतिबिंब मिळून अर्ध्या तरंगलांबीचा पूर्ण आकाशक तयार होतो. भूमी जितकी संवाहक तितका हा आरसा स्वच्छ. बुलढाणा जिल्ह्यात हा फरक एकाच जिल्ह्याच्या हद्दीत आढळतो : घाटाखाली पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्याची ओलसर, क्षारयुक्त काळी माती चांगली संवाहक आहे, तर घाटावरील मेहकर, चिखलीकडील कोरडा मुरूम व बेसॉल्ट खडक त्या मानाने निकृष्ट होत. जमिनीवरील केंद्राला निकृष्ट भूमीत तारांचे जाळे पुरून ही उणीव भरून काढता येते. विमानाला मात्र स्वतःची ‘जमीन’ बरोबर न्यावी लागते.

आरंभीची विमाने लाकूड व कापड यांची होती. जे. ए. डी. मकर्डी यांनी १९१० मध्ये अमेरिकेत विमानातून पहिला बिनतारी संदेश पाठविला. पहिल्या महायुद्धात तोफखान्याला मारा दुरुस्त करण्याच्या सूचना देणारी विमाने टोकाला वजन बांधलेली लांब तार खाली सोडून तिचा आकाशक म्हणून उपयोग करीत. एंजिन, ताणाच्या तारा व नियंत्रणाच्या दोऱ्या एकमेकींना विद्युत् दृष्ट्या जोडून भूमीचे काम भागविले जाई. उतरण्यापूर्वी तार गुंडाळून घेण्यास विसरल्यास ती तुटून जाई. ही दगदग व उपकरणांचे वजन लक्षात घेता लहान विमाने दीर्घकाळ बिनतारी संचाविनाच उडत राहिली, यात नवल नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू येथे टपाल आणले, त्या पस मॉथ विमानातही रेडिओ नव्हता. पुढे ॲल्युमिनियमच्या पत्र्याची विमाने सर्वत्र रूढ झाली आणि भूप्रतलाचा प्रश्न जणू आपोआप मिटला. वैमानिकांच्या व बांधणाऱ्यांच्या दोन पिढ्यांना तो माहीतही नव्हता म्हटले तरी चालेल.

तो पुन्हा उभा राहिला तो प्लॅस्टिकच्या युगात. जर्मनीतील श्टुटगार्ट येथे काचतंतूंच्या संमिश्राचे ‘फीनिक्स’ हे ग्लायडर १९५७ साली उडाले. त्यानंतर १९६९ मध्ये ‘विंडेकर ईगल’ या संमिश्र विमानाला अमेरिकेत प्रमाणपत्र मिळाले. हौशी बांधकामात खरी क्रांती केली ती बर्ट रूटॅन यांच्या ‘व्हॅरिईझ’ (१९७५) व ‘लाँग-ईझेड’ (१९७९) या विमानांनी. फेसाळ प्लॅस्टिकचा गाभा कापून त्यावर काचतंतूंचे कापड व रेझीन चढविण्याची त्यांची पद्धत सामान्य माणसाच्या आवाक्यातील होती. काचतंतू रेडिओ तरंगांना पारदर्शक असल्यामुळे तांब्याच्या पातळ पट्टीचे आकाशक थेट कवचाखाली दडविणे शक्य झाले व हवेचा रोधही वाचला. जिम वियर या अमेरिकन रेडिओ अभियंत्याने अशा आकाशकांच्या प्रसारात महत्त्वाचा वाटा उचलला.

भूप्रतल टाळण्याचा मार्ग म्हणजे द्विध्रुव आकाशक. त्याचे दोन्ही अर्ध समान असल्याने त्याला भूमी लागत नाही. दिशादर्शक व्हीओआर केंद्रांचे तरंग आडव्या ध्रुवणाचे असल्यामुळे पंखात बसविलेला द्विध्रुव त्यांना पुरेसा होतो. संभाषणाचे तरंग मात्र उभ्या ध्रुवणाचे असतात. त्यासाठी सु. १२० सेंमी. उंचीची उभी जागा हवी आणि ती सर्व विमानांत मिळत नाही. मग चतुर्थांश तरंगाचा दांडा व भूप्रतल यांचाच आश्रय घ्यावा लागतो. संभाषणाचा पट्टा ११८ ते १३७ मेगॅहर्ट्‌झ असल्याने मध्याजवळ, १२७ मेगॅहर्ट्‌झला, चतुर्थांश तरंगलांबी सु. ५९ सेंमी. येते. दांड्याच्या बुडापासून निघणाऱ्या एवढ्या लांबीच्या चार तांब्याच्या पट्ट्या कवचाच्या आतील बाजूस चिकटविल्या की पत्र्याचे काम बऱ्याच अंशी होते. पट्टी रुंद असेल, तर आकाशक पट्ट्याच्या दोन्ही टोकांपर्यंत नीट चालतो. आदर्श भूप्रतलावरील दांड्याचा संरोध सु. ३६ ओहम असतो, तर जोडणीची समाक्ष केबल ५० ओहमची असते. पट्ट्या खाली कलत्या ठेवल्यास ही तफावत कमी होते.

पट्ट्या दांड्याच्या बुडाशी एकत्र येतात तेथे केबलचे बाह्य आवरण त्यांना पक्के डाखलेले असावे लागते. हा सांधा रेझीनखाली गाडला गेला, की तो तपासण्याची सोय राहत नाही. म्हणून कवच बंद करण्यापूर्वीच स्थायी तरंग गुणोत्तर मापकाने सर्व पट्ट्यावर चाचणी घेणे इष्ट. गुणोत्तर २ च्या आत असल्यास जोडणी चांगली समजतात. ट्रान्सपाँडरची प्रेषण कंप्रता १,०९० मेगॅहर्ट्‌झ, म्हणून त्याला निदान ७ सेंमी. त्रिज्येची चकती लागते. तिची जागा वैमानिकाच्या आसनापासून दूर हवी. अपघातानंतर आपोआप प्रेषण करणाऱ्या संकटसूचक प्रेषकाची मुख्य कंप्रता ४०६ मेगॅहर्ट्‌झ व शोधपथकाला जवळ आणणारी कंप्रता १२१·५ मेगॅहर्ट्‌झ आहे. उपग्रहांनी १२१·५ वरील संकेत ऐकणे २००९ मध्ये थांबविले. या आकाशकाचे भूप्रतल सदोष असेल, तर विमान शोधण्यास सर्वांत जास्त मदत हवी त्याच वेळी संकेत दुबळा पडतो.

कार्बन तंतूंचे कवच वेगळ्या प्रकारे फसविते. ते निरोधक नसले, तरी धातूएवढे संवाहकही नसते. त्याच्या आत ठेवलेला आकाशक झाकला जातो आणि त्याला ॲल्युमिनियमची पट्टी थेट जोडल्यास ओलाव्यात पट्टी झिजते. अशा ठिकाणी मध्ये काचतंतूंचा थर घालून तांब्याची जाळी बसवितात.

महाराष्ट्रातील प्रसिद्ध गृहनिर्मित विमान याच्या अगदी उलट टोकाचे आहे. वैमानिक अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवली येथे इमारतीच्या गच्चीवर बांधलेले सहा आसनी विमान २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले गेले व २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. ते धातूचे असल्याने आकाशकाखालची भूमी त्याच्या पत्र्यातच आहे. काचतंतूंच्या विमानाचा भारतातील अनुभव प्रामुख्याने बंगलोरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेत जमा झाला. तिचे ‘हंस’ हे दोन आसनी संमिश्र विमान प्रथम १९९३ मध्ये उडाले व पुढे त्याची सुधारित आवृत्ती उड्डाण क्लबांना प्रशिक्षणासाठी देण्यात आली.