वळिवड्याची पोलिश छावणी

सोव्हिएत फौजांनी 1939 च्या सप्टेंबरात पूर्व पोलंड व्यापल्यानंतर तेथील लाखो नागरिकांना सैबेरिया व कझाकस्तानात हद्दपार करण्यात आले. त्यांत शेतकरी होते, वनरक्षक होते, सैनिकांची बायकामुले होती. यांतील बहुतेकांवर कधी खटलाही चालला नव्हता. तरीही जर्मनीने रशियावर चाल केल्यावर, 1941 च्या सिकोर्स्की-मायस्की या पोलिश-सोव्हिएत करारान्वये त्यांची मुक्तता झाली ती कागदोपत्री ‘माफी’ म्हणून. बेड्या तुटल्या, पण मायदेश हिटलरच्या टाचेखाली असल्याने परतीची वाट बंद होती.

1942 मध्ये इराणमार्गे भारतात आलेल्या अनाथ पोलिश मुलांची पहिली तुकडी मुंबईत वांद्र्यात काही काळ ठेवून नंतर नवानगरच्या जामसाहेबांच्या बालाचडी येथे हलवण्यात आली. मोठी वसाहत मात्र उभी राहिली ती 1943 मध्ये कोल्हापूरजवळ, पंचगंगेकाठच्या वळिवडे गावी. सुमारे पाच हजार माणसे, त्यांत स्त्रिया व मुलेच अधिक, तट्ट्यांच्या भिंतींच्या व कौलारू छपरांच्या लांबलचक बराकींत राहू लागली. प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र खोल्या व स्वयंपाकाची सोय मिळाली. चर्च, शाळा, इस्पितळ, बालवीरांची पथके, नाटके असा सारा पोलिश संसार करवीरनगरीच्या वेशीवर थाटला गेला.

या पाहुणचाराचे सारे श्रेय कोल्हापूरच्या गादीला देण्याची लोकरीत आहे, आणि जागा संस्थानाची होती हे खरेच. परंतु राजाराम महाराजांच्या निधनानंतर गादीवर अज्ञान वारस होता, कारभार रीजन्सीच्या हाती होता, आणि छावणीचा खर्च लंडनमधील निर्वासित पोलिश सरकार, म्हणजे देशाबाहेरून चालणारे सरकार, सोसत होते. म्हणूनच 1945 च्या जुलैत ब्रिटनने त्या सरकारची मान्यता काढून घेताच छावणीचा आधारच डळमळला. अनेकांची गावे आता सोव्हिएत हद्दीत गेली होती, त्यामुळे स्वगृही परतणे बहुतेकांनी नाकारले. 1948 पर्यंत ती माणसे ब्रिटन, पूर्व आफ्रिका, ऑस्ट्रेलिया अशी पांगली.

रिकाम्या झालेल्या त्याच बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. पोलिशांना लाभला तो मुक्काम, सिंध्यांना मात्र कायमचे घर. त्यांनी वसवलेले गांधीनगर आज कापडाच्या घाऊक बाजारासाठी दक्षिण महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे.